दिवसातून तीन मिनिटांची आई

"ताई, काल रात्रीपासून बघतोय, ती पिल्लांकडे फिरकतसुद्धा नाहीये. कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजू का?"

ससे पाळणाऱ्या घरांतून असा फोन मला अधूनमधून येतो. दर वेळी माणूस वेगळा, पण आवाजातली धास्ती तीच. मादी व्यालेली असते. खोक्यात केसांच्या पुंजक्याखाली बोटाएवढी गुलाबी पिल्लं वळवळत असतात आणि आई दुसऱ्या कोपऱ्यात निवांत गवत चघळत बसलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, हिला काळीजच नाही.

मी आधी एवढंच विचारते, "पिल्लांची पोटं कशी दिसतायत?" पोट गोल, तट्ट आणि कातडी ताणलेली असेल तर पिल्लू पोटभर प्यायलेलं आहे. पोट खपाटीला जाऊन कातडीला सुरकुत्या पडल्या असतील तर काळजीचं कारण आहे. बहुतेक वेळा पोटं तट्टच असतात. घरातली माणसं झोपेत असताना आई येऊन पाजून गेलेली असते आणि कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

आईपण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वासराला चाटणारी गाय येते, नाहीतर पिल्लांना कुशीत घेऊन पडलेली मांजर. सशाची आई पिल्लांना सांभाळते ती त्यांच्यापासून लांब राहून. या लांब राहण्यातून पडणारी मोठी उणीव एक वास भरून काढतो. त्या वासाची ही गोष्ट.

आधी, ससा कोणता?

मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. माळरानावर किंवा उसाच्या फडात टुणकन उडी मारून पळतो तो आपला रानससा. तो बीळ खणत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा, करडा किंवा ठिपक्यांचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. तो बिळं खणून टोळीने राहतो आणि त्याची पिल्लं अगदीच कच्ची जन्मतात. या लेखात ससा म्हणजे हा दुसरा.

त्याची मादी साधारण एकतीस दिवसांनी विते. रानात असली तर टोळीच्या मोठ्या बिळापासून बाजूला बाळंतपणासाठी एक छोटं बीळ खणते. त्यात सुकं गवत नेऊन टाकते आणि शेवटी स्वतःच्या पोटाचे, कुशीचे केस उपटून त्यावर मऊ अंथरूण करते. पोट असं उघडं पडतं आणि पिल्लांना सडही मोकळे मिळतात. पाळीव मादी केस उपटायला लागली की लोक घाबरतात, तिला त्वचेचा रोग झाला असं समजून मलम लावायला धावतात. ती फक्त पाळणा विणत असते.

जन्मलेलं पिल्लू जेमतेम पन्नास ग्रॅमचं. केस नाहीत, डोळे मिटलेले, कानांची भोकंही बंद. डोळे उघडायला दहा-अकरा दिवस लागतात. तोवर त्याच्याकडे नाक आहे, अंगाला होणारा स्पर्श आहे आणि भावंडांची ऊब आहे, बस.

आई इतकी कमी का येते?

चोवीस तासांत एकदा, तीन ते चार मिनिटं. एवढाच वेळ आई पिल्लांजवळ असते. १९६५ साली झॅरो, डेनेनबर्ग आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं, तेव्हापासून ही गोष्ट अनेकांनी पुन्हा पुन्हा तपासली आहे.

कारण कोल्हा. आणि मुंगसासारखे ते सगळे लांबट, चपळ शिकारी, ज्यांना बिळात सहज शिरता येतं. उघडीनागडी पिल्लं त्यांच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. आई जितक्या खेपा घालेल तितक्या वेळा तिच्या वाटेचा माग उरेल. म्हणून ती येते, पाजते, बाहेर पडते आणि बिळाचं तोंड मातीने बुजवून टाकते. मग दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे फिरकत नाही. पिंजऱ्यात कोल्हा नाही हे आपल्याला माहीत आहे, पण तिची सवय लाखो वर्षांची आहे. खोक्यापासून लांब बसलेली मादी आपल्या परीने पिल्लांचा ठावठिकाणा लपवत असते.

पण या सावधपणाचा सगळा भार पिल्लावर येतो. दिवसभराचं दूध त्याला तीन मिनिटांत प्यायचं असतं. पहिल्या आठवड्यात ते एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या पाव भागाहून जास्त दूध पिऊ शकतं. साठ किलोच्या माणसाने तीन मिनिटांत पंधरा लिटर दूध प्यावं, तसं हे झालं. तेही डोळे मिटलेले, कान बंद आणि आजूबाजूला सहा-सात भावंडांची रेटारेटी चालू असताना. एक पाळी हुकली तर तग धरता येतो. लागोपाठ दोन हुकल्या तर अशक्त पिल्लू थंड पडायला लागतं.

फलाटावरची गर्दी

जर्मनीतल्या म्युनिक इथे रॉबिन हडसन आणि हान्स डिस्टेल यांनी १९८०च्या दशकात पिल्लांच्या घरट्यात काय चालतं ते बारकाईने पाहिलं. पिल्लं बहुतेक वेळ केसांच्या अंथरुणात खोल एकमेकांना बिलगून पडून असतात, ऊब आणि ताकद दोन्ही जपत. पण आई यायच्या आधी, कुठलाही आवाज किंवा हाक नसताना, ती चुळबुळू लागतात आणि अंथरुणातून वर सरकून उघड्यावर येतात. वेळेवर येणाऱ्या गाडीचे रोजचे प्रवासी जसे घड्याळ न बघताच फलाटाच्या कडेला सरकतात, तशी. शरीरातल्या घड्याळाला गाडीची वेळ पाठ झालेली असते.

मग आई येते आणि पिल्लांवर कमान करून उभी राहते. उभी राहण्यापलीकडे ती काहीच करत नाही, आणि मला यातलं सगळ्यांत थक्क करणारं हेच वाटतं. ती पिल्लाला नाकाने सडाकडे ढकलत नाही, कुशीवर पडत नाही, कडेला राहिलेल्या पिल्लाला तोंडात धरून जागेवर आणत नाही. पिल्लू तिच्या पोटाच्या केसांत नाक खुपसतं, डोकं झपाट्याने डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकतं आणि काही सेकंदांत सड पकडून लुचायला लागतं. थोडं प्यायलं की तो सड सोडून दुसरा शोधतं. डुकराच्या पिल्लांचे सड ठरलेले असतात, ज्याचं त्याचं ताट वेगळं. सशांच्या पिल्लांत तसं काही नाही. तीन मिनिटांत प्रत्येक जण अनेक सड बदलतो आणि दर वेळी शोध नव्याने सुरू होतो.

हा शोध नाकाच्या जोरावर चालतो हे या दोघांनी दाखवलं. ज्या पिल्लांना वास घेता येत नव्हता ती आईच्या पोटाखाली असूनही सड पकडू शकली नाहीत. हे वाचताना जीव कळवळतो, पण त्यामुळे एक गोष्ट पक्की झाली. स्पर्श आणि ऊब मदत करतात, वाट दाखवतो तो वासच.

दुधाचा वास म्हणजे नेमका कशाचा?

दुधाला वास असतो हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवेत, असं कुणी म्हणेल. पण दुधाचा वास ही एक वस्तू नाही. फोडणीचा वास आपल्याला एकच वाटतो, पण त्यात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि तापलेलं तेल, सगळं असतं. दुधातून हवेत उडणारे घटकही असेच कितीतरी. यातला पिल्लाला हलवणारा कोणता? की सगळे मिळूनच?

फ्रान्समधल्या दिजों शहरात बेन्वा शाल, जेरार कुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा छडा लावला. त्यांनी वापरलेलं यंत्र वासाची फोड करतं. एका लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून मिश्र वास सोडतात. प्रत्येक घटकाचा त्या नळीतून जाण्याचा वेग वेगळा असतो, त्यामुळे सगळे एकत्र शिरले तरी बाहेर पडतात एकामागून एक. दिंडी अरुंद बोळात शिरली की एकेक वारकरी सुटा होऊन बाहेर येतो, तसे.

खरी गंमत नळीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे त्यांनी सशाच्या पिल्लाचंच नाक धरलं. एकेक घटक बाहेर येत होता आणि पिल्लू मख्ख होतं. मग एखाद्या क्षणी ते एकदम डोकं हलवून शोधायला लागायचं आणि तोंडाने नळीचं टोकच पकडू पाहायचं. त्या क्षणी बाहेर पडलेला घटक कोणता, तेवढं टिपून ठेवायचं. दुधाच्या वासातले एकवीस घटक मग एकेक करून तपासले, आणि पिल्लांना खात्रीने हलवणारा त्यांत एकच निघाला. २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

त्या पदार्थाचं नाव टू-मिथाइल-ब्यूट-टू-ईनाल. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. पाच कार्बन, आठ हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, एवढ्या चौदा अणूंचा हा चिमुकला रेणू. काचेच्या काडीवर त्याचा अंश लावून पिल्लासमोर धरला की दहापैकी नऊहून अधिक पिल्लं काडीलाच सड समजून तोंडात धरायला धावतात. दूध नाही, आईची ऊब नाही, केसांचा स्पर्श नाही, तरीही. मात्र त्याचं प्रमाण फार कमी असलं तर काहीच होत नाही आणि फार जास्त झालं तरीही पिल्लू प्रतिसाद देत नाही. अत्तराचा फाया आणि अत्तराची फुटलेली बाटली यांत जो फरक, तोच इथे.

फेरोमोन म्हणजे काय?

एका प्राण्याच्या अंगातून बाहेर पडणारा आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याकडून ठरावीक वागणूक घडवून आणणारा रासायनिक पदार्थ म्हणजे फेरोमोन. सशाच्या दुधातला तो रेणू असाच एक फेरोमोन. हा शब्द १९५९ सालचा. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनान्ट यांनी रेशमाच्या पतंगाच्या मादीचा नराला बोलावणारा पदार्थ वेगळा काढला. त्यासाठी सुमारे पाच लाख पतंग लागले होते.

किड्यांमध्ये अशी उदाहरणं मग भराभर सापडली. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत मात्र बरेच शास्त्रज्ञ साशंक होते, आणि त्यांची शंका रास्त होती. सस्तन प्राणी शिकतात. एखाद्या वासाकडे पिल्लू धावत असेल तर तो वास उपजत ओळखीचा आहे की दोन वेळा दूध प्यायल्यावर लागलेली सवय, हे कसं ठरवायचं?

दिजोंच्या गटाने म्हणूनच ज्यांनी अजून एकदाही दूध प्यायलेलं नव्हतं अशा पिल्लांना तो वास दिला. त्यांनीही तोंड उघडून काडी पकडली. वेगवेगळ्या जातींचे पाळीव ससे आणि रानात बिळं खणून राहणारे ससे, सगळ्यांची पिल्लं या वासाला प्रतिसाद देतात. उंदराच्या आणि मांजराच्या पिल्लांना त्याचं काही पडलेलं नसतं. ही भाषा फक्त सशांची आहे.

मग पिल्लू म्हणजे यंत्रच की?

हा आक्षेप मला भाषणांनंतर हमखास ऐकू येतो. वास आला की तोंड उघडलं, यात जीव कुठे आहे? पहिल्या दोन-चार दिवसांपुरतं हे बरंचसं खरं आहे. नुकतंच पोटभर प्यायलेलं पिल्लूसुद्धा काडी पुढे केली की पकडतं. पण दिवस जातील तसं पोट मध्ये बोलायला लागतं. दहाव्या दिवसाच्या सुमारास पाजायच्या वेळेआधी प्रतिसाद जोरात असतो आणि पोट भरल्यावर तो मंदावतो. पुढे पिल्लू गवत कुरतडायला लागतं, चौथ्या आठवड्यात दूध सुटायची वेळ येते, तोवर या वासाची जादू ओसरलेली असते.

याहून मोठी गोष्ट २००६ साली पुढे आली. पिल्लाला हा फेरोमोन आणि त्याच्या जोडीला कुठलाही नवा वास पाच मिनिटं दिला, फक्त एकदाच. दुसऱ्या दिवशी त्या नव्या वासाची काडी एकटी समोर धरली, तरी पिल्लाने ती सडासारखी पकडायला सुरुवात केली. म्हणजे हा रेणू पिल्लाला शिकवतोही. माझ्यासोबत जो वास येतोय तो लक्षात ठेव, तो आईचा आहे, असंच जणू सांगतो. मुलाला शाळेत सोडायला आलेली आजी बाईंचा हात त्याच्या हातात देते आणि मूल त्या क्षणापासून बाईंना आपलं मानतं, तसं काहीसं. आजी ओळखीची असते, म्हणून बाईही आपल्या होतात. माझ्या लेखी सगळ्या संशोधनातला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

आईने जिरं खाल्लं तर?

आईचा वास रोज एकसारखा नसतो. तिने काय खाल्लं त्यावर तो बदलतो, म्हणून ही शिकण्याची सोय फार कामाची. आणि हे शिकणं पोटातच सुरू होतं. फ्रेंच प्रयोगांत गाभण माद्यांच्या खाण्यात जिरं घातलं, तेव्हा जन्मलेल्या पिल्लांना जिऱ्याचा वास ओळखीचा निघाला. हंगेरीत १९९०च्या दशकात अल्टबेकर, बिल्को आणि हडसन यांनी माद्यांना ज्युनिपर नावाच्या झुडपाची फळं खायला दिली. ती चवीला उग्र असतात. त्या माद्यांची पिल्लं दूध सुटल्यावर ज्युनिपर पसंत करू लागली, इतरांची पिल्लं ते टाळत राहिली. ही माहिती पिल्लांपर्यंत पोटातून, दुधातून आणि आई घरट्यात जाताना टाकून जाते त्या लेंड्यांतून अशा तिन्ही वाटांनी पोहोचते. घरट्यात चार लेंड्या दिसल्या म्हणून ते घासून-पुसून लख्ख करू नका, असं मी सांगते त्याचं कारण हे. ती आईने ठेवलेली शिदोरी आहे.

हात लावला तर आई टाकून देते का?

आपल्याकडे हे अगदी ठामपणे सांगितलं जातं. पाळीव सशांपुरतं तरी ते खरं नाही. ससेपालनात एका मादीला पिल्लं जास्त झाली तर काही पिल्लं दुसऱ्या व्यालेल्या मादीच्या घरट्यात ठेवतात आणि ती त्यांना पाजते. पिल्लांचंही अडत नाही, कारण हा फेरोमोन दूध देणाऱ्या प्रत्येक मादीकडे तोच असतो. म्हणून पोटं तपासायला, मेलेलं पिल्लू बाजूला काढायला किंवा बाहेर सरपटत आलेलं पिल्लू परत ठेवायला हात लावावाच लागतो. आई ते उचलून नेणार नाही. हात धुऊन, हातावर आईच्या अंथरुणातलं गवत चोळून घ्या आणि पटकन आटपा. घाबरवणारी असते ती गर्दी, पाहुण्यांची रांग, फ्लॅशचे फोटो आणि पिंजऱ्याभोवती घोटाळणारं मांजर.

आणि गाईचं दूध?

नको. सशाचं दूध फार घट्ट असतं. त्यात चरबी गाईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास असते, प्रथिनंही तितकीच जास्त, आणि दुधातली साखर मात्र अगदी थोडी. गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब लागतात आणि कापसाच्या बोळ्यातून ते श्वासनलिकेत उतरलं तर पिल्लू हातातच जातं. शिवाय बाटलीला तो वास नसतो. काढून ठेवलेल्या सशाच्या दुधातलासुद्धा तो लवकरच उडून जातो. त्यामुळे अगदी लहान पिल्लू आपणहून तोंड उघडेलच असं नाही. आई खरोखर मेली असेल किंवा दोन दिवस पोटं खपाटीलाच असतील, तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि जवळपास कुणाकडे व्यालेली मादी आहे का ते आधी विचारा.

माणसाच्या बाळाचं काय?

जन्मलेलं बाळ आईच्या पोटावर ठेवलं की स्तनाकडे सरकतं आणि न धुतलेल्या स्तनाकडे जास्त ओढ घेतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळावर बारीक पुटकुळ्या असतात. त्यांतून पाझरणाऱ्या द्रवाचा वास दिला की तीन दिवसांचं बाळ तोंड हलवायला लागतं, मग तो द्रव दुसऱ्याच आईचा असला तरी. शाल यांच्याच गटाने २००९ मध्ये हे दाखवलं. मात्र सशासारखा एकच एक रेणू माणसात सिद्ध झालेला नाही. फेरोमोन म्हणून बाटलीतून विकली जाणारी अत्तरं या संशोधनाचा आधार सांगत असतील, तर तो आधार त्यांना नाही.

उसाच्या फडात सापडलेलं पिल्लू

शेवटी आपल्या रानसशाकडे येते, कारण ऊसतोडीच्या दिवसांत त्याची पिल्लंही लोक उचलून आणतात. गवतात किंवा पाचटात एकटं, निश्चल बसलेलं केसाळ पिल्लू दिसतं, आई कुठेच नसते आणि आपल्याला वाटतं, बिचारं टाकलेलं आहे. रानसशांच्या जातीतही आई पिल्लांपासून लांबच राहते आणि पाजायला अंधार पडल्यावर येते. पिल्लू धडधाकट असेल, जखम नसेल आणि त्या सऱ्या आज तोडायच्या नसतील, तर त्याला तिथेच राहू द्या. तोडायच्याच असतील तर उचलून लगतच्या बांधावरच्या गवतात ठेवा, कुत्र्यांना लांब बांधा आणि दिवस मावळायच्या आत तिथून माणसं हलवा.